एकाच चंदेरीच्या दोन छटा

नव्या इमारतीच्या खिडक्यांचं काम बहुधा टप्प्याटप्प्यानं होतं. पहिल्या सहा मजल्यांच्या चौकटी पावसाळ्याआधी बसतात, उरलेल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास. अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन त्याच कारखान्याचे, पावडर कोटिंग करणारा तोच, ऑर्डरवरचा रंगाचा क्रमांकही तोच. मग एके दिवशी परांची उतरते, समोरच्या फुटपाथवरून कोणीतरी वर बघतं आणि विचारतं, वरच्या खिडक्या काळपट का दिसतात? सकाळी फरक जाणवत नाही. ऊन तिरपं झालं की सहावा आणि सातवा मजला वेगवेगळ्या इमारतींचे वाटू लागतात. आर्किटेक्ट कंत्राटदाराला फोन लावतो, कंत्राटदार कोटिंगवाल्याला, कोटिंगवाला पावडरच्या कंपनीला. कंपनीकडे बॅचचा रिपोर्ट असतो, त्यात सगळं बरोबर असतं आणि तो रिपोर्ट खराही असतो.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर-अंबड, गोकुळ शिरगाव, वसई. जिथे लहान इंजिनीअरिंग उद्योग आहेत तिथे पावडर कोटिंगचं जॉब वर्क आहेच. कपाटं, पंख्यांची पाती, इलेक्ट्रिक पॅनल, दुचाकीचे सुटे भाग, रेलिंग, खिडक्या असं काहीही या शेडमध्ये हुकावर टांगलं जातं आणि रंगून बाहेर पडतं. पांढरा, काळा, करडा हे रंग इथे नेहमीचे. चंदेरी, शँपेन, ब्राँझ, मोतिया अशा चकाकत्या, म्हणजे मेटॅलिक रंगाची ऑर्डर आली की मात्र तीच गन, तोच ओव्हन आणि तीच माणसं असूनही काम अवघड होऊन बसतं. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. भांडण होतं तेव्हा दोष बहुतेक वेळा हुकावर सेक्शन टांगणाऱ्या आणि गन धरणाऱ्या माणसाच्या माथी मारला जातो, आणि दोष तेवढाच नसतो.

साध्या रंगाच्या पावडरपासून सुरुवात करू. रेझिन, हार्डनर, रंगद्रव्य आणि इतर घटक एक्स्ट्रूडरमध्ये वितळवून एकजीव करतात. त्याचा पातळ पत्रा थंड करून तुकडे करतात आणि ते दळतात. तयार झालेल्या प्रत्येक कणात सगळी कृती जशीच्या तशी असते. असा कण कुठेही, कसाही चिकटला आणि वितळला तरी रंग तोच येतो.

चकाकी आणणाऱ्या पापुद्र्यांना ही वाट बंद असते. अ‍ॅल्युमिनियमचे हे पापुद्रे एखाद्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जाडीचे, पण दहा ते चाळीस मायक्रॉन रुंद असतात. सोनेरी छटेसाठी तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे, मोतिया छटेसाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या अभ्रकाचे पापुद्रे वापरतात. एक्स्ट्रूडरच्या स्क्रूमध्ये आणि नंतर चक्कीत ते वाकतात, तुटतात आणि त्यांची चमक जाते. म्हणून रंगाची पावडर दळून झाल्यावर ते वरून मिसळावे लागतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून येतात. पिशवीत आता दोन वेगळ्या जातींचे कण आहेत. त्यांचं वजन वेगळं, आकार वेगळा आणि विजेला प्रतिसाद देण्याची रीतही वेगळी.

मिसळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा आणि स्वस्त, म्हणजे नुसतं कोरडं मिश्रण, ड्राय ब्लेंड. दुसऱ्यात पावडर मिक्सरमध्ये फिरवत नायट्रोजनच्या वातावरणात इतकीच तापवतात, की कण जरासे मऊ होऊन पापुद्रे त्यांना चिकटून बसतील. हे तापमान साधारण पन्नास ते साठ अंशांच्या आसपास असतं. थोडं जास्त झालं तर सगळा घाणा गोळा होतो. अशा चिकटवलेल्या मिश्रणाला बाँडेड पावडर म्हणतात. ड्राय ब्लेंडचं काय होतं हे दिवाळीतल्या चिवड्याच्या डब्यानं घरोघरी दाखवून दिलेलं आहे. डबा चार वेळा हलला की शेंगदाणे एकीकडे आणि चुरा तळाशी. पावडरचा खोका टेम्पोतून येतो तेव्हा हेच घडतं. खोका थरथरणाऱ्या फीडरवर ठेवून पावडर थेट खेचली तर आणखी घडतं. म्हणून मेटॅलिकसाठी खालून हवा देऊन पावडर तरंगत ठेवणारा हॉपर बरा. त्यातही पावडरची पातळी सारखी राखावी लागते, कारण जवळजवळ रिकाम्या झालेल्या हॉपरमधून निघणारं मिश्रण भरलेल्या हॉपरमधल्यासारखं नसतं.

बाँडेड पावडर महाग पडते. पण सगळेच पापुद्रे चिकटलेले असतात असं तिच्याबाबतही धरून चालता येत नाही. काही सुटे राहतातच, आणि किती राहिले हे उत्पादकागणिक बदलतं. ‘बाँडेड आहे’ एवढं ऐकून निर्धास्त होणाऱ्या खरेदी विभागानं हे लक्षात ठेवायला हवं.

आता गनकडे वळू. कोरोना गनच्या टोकाशी साठ ते शंभर किलोव्होल्टचा दाब असतो. तिथून जाणारी पावडर भारित होते आणि अर्थिंग केलेल्या धातूकडे ओढली जाते. साध्या पावडरमध्ये व्होल्टेज थोडं वरखाली झालं तर थराची जाडी बदलते, रंग बदलत नाही. मेटॅलिकमध्ये रंगच बदलतो. व्होल्टेज बदललं की पापुद्रे आणि कण यांचं वस्तूवर पोहोचण्याचं प्रमाण बदलतं आणि पापुद्रे आडवे पडतील की उभे, हेही. आडवा पापुद्रा प्रकाश परत फेकतो, उभा पापुद्रा गडद दिसतो. चौकटीच्या कडांवर विद्युतक्षेत्र दाट असतं, म्हणून तिथे पापुद्रे जास्त जमतात आणि कड उजळ, मधला भाग मंद असा प्रकार होतो. खोल खाचांमध्ये उलटं. तिथे क्षेत्र पोहोचत नाही, पावडरच कमी जाते आणि ऑपरेटर खाच भरायला गन जवळ नेतो. त्या जागी पुन्हा वेगळी छटा.

भर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम विजेचं वाहक आहे. गनच्या आत, पावडरच्या नळीत, इलेक्ट्रोडभोवती पापुद्रे साचत गेले की विजेला आतल्या आत वाट मिळते आणि टोकाशी हवा तो दाब उरत नाही. काट्यावर आकडा तोच दिसतो, काम मात्र वेगळं होतं. साचलेला गठ्ठा सुटून वस्तूवर पडला तर ठिपका उमटतो, आणि मेटॅलिकवरचा ठिपका घासून, वर हात मारून लपत नाही. म्हणून गोल पसरवणाऱ्या डिफ्लेक्टरऐवजी चपटी फवारणी करणारं नोझल वापरायचं आणि ठरावीक वेळानं गन उघडून साफ करायची. टेफ्लॉनच्या नळीवर घासून भार देणारी ट्रायबो गन मेटॅलिकला सहसा चालतच नाही.

हँगर आणि हुक हा या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग असावा. प्रत्येक फेरीत हुकावरही पावडर बसते, ओव्हनमध्ये पक्की होते, आणि पुढच्या फेरीत वस्तू धातूवर नव्हे तर प्लास्टिकच्या थरावर लटकलेली असते. वस्तूपासून जमिनीपर्यंतचा विद्युतरोध एक मेगाओहमच्या आत हवा, हा सर्वमान्य नियम आहे. तो तपासायचं मीटर फार महाग नाही आणि वापरायला मिनिटही लागत नाही. तरी पाच-सहा थर चढलेले हुक अनेक शेडमध्ये सर्रास फिरतात. पांढऱ्या रंगात ते खपून जातं. चंदेरीत एका हुकावरची वस्तू शेजारच्या हुकावरच्या वस्तूपेक्षा वेगळी निघते आणि मग ‘पावडरच खराब आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. खराब अर्थिंगमुळे ठिणगी पडण्याचा धोका आहे तो वेगळाच. हवेत उडालेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी स्फोटक असते. मेटॅलिकच्या बूथमध्ये एक्झॉस्ट पूर्ण क्षमतेनं चालू असणं आणि ऑपरेटरच्या तोंडावर खरा मास्क असणं याला पर्याय नाही. नाकाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

रिकव्हरी पावडरचा प्रश्न थेट पैशांचा असल्यामुळे सगळ्यात नाजूक आहे. फवारलेली सगळी पावडर वस्तूवर बसत नाही. बराच भाग उडून सायक्लोनमध्ये किंवा फिल्टरवर जमा होतो, आणि तो चाळून पुन्हा वापरता येणं हेच तर या तंत्राचं मोठं बलस्थान. मात्र जी पावडर बसली नाही तिच्यातलं पापुद्र्यांचं प्रमाण मूळ पिशवीतल्यासारखं राहिलेलं नसतं. काही शेडमध्ये रीत अशी, की लॉटचा पहिला अर्धा भाग नव्या पावडरवर काढायचा आणि नवी पावडर संपत आली की साठलेली रिकव्हरी घालून उरलेलं काम उरकायचं. सादा रंग असेल तर कुणाला कळतही नाही. मेटॅलिकमध्ये नेमका हाच अर्धा लॉट वरच्या मजल्यावर जाऊन बसतो.

यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. रिकव्हरी वापरायचीच नाही, किंवा वापरायची तर पहिल्या वस्तूपासून शेवटच्या वस्तूपर्यंत एकाच प्रमाणात वापरायची. समजा सत्तर भाग नवी, तीस भाग रिकव्हरी, आणि तीही वजन करून, फावड्याच्या अंदाजानं नाही. मंजुरीचा नमुनाही त्याच मिश्रणावर काढायचा. चाळणीची जाळी पापुद्रे अडवणार नाही इतकी मोकळी हवी, नाही तर चाळता चाळता चमकच बाजूला निघते. ड्राय ब्लेंड असेल तर रिकव्हरीचा विचारही करू नये, असं स्पष्ट मत इथे नोंदवायला हवं. त्यात वाचलेले पैसे एका रिजेक्शनमध्ये दुपटीनं जातात.

मग राहिला गन धरणारा हात. वस्तूपासून वीस ते तीस सेंटिमीटर अंतर, सारखा वेग, एकावर एक येणारे पट्टे आणि साठ ते ऐंशी मायक्रॉनचा थर हे सांगायला सोपं आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा माणूस गन हातात घेतो, त्याची उंची वेगळी, हात फिरवण्याची लय वेगळी, आणि मेटॅलिक हा फरक जसाच्या तसा दाखवतं. पट्टे कमीजास्त पडले तर पृष्ठभागावर ढग दिसतात. म्हणून चांगले शॉप एका ऑर्डरला एकच ऑपरेटर आणि एकच गन देतात. ऑटोमॅटिक लाइनवर हातानं करायची फवारणी आधी करतात, खाचा आणि कोपरे भरून घेतात आणि शेवटचा हात मशीनचा ठेवतात. दोन्ही बाजू रंगवायच्या असतील तर दर्शनी बाजू शेवटी. बिघडलेल्या मेटॅलिकवर दुसरा थर देऊन सुटका होत नाही. पहिला भाजलेला थर वीज अडवतो, त्यावर पापुद्रे वेगळे बसतात, आणि शेजारच्या एकथरी वस्तूशी तो तुकडा कधीच जुळत नाही. त्यापेक्षा रंग उतरवून पुन्हा करणं बरं.

डीग्रीसिंग, फॉस्फेटिंग किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठीचं क्रोमेटिंग, ज्याला सेव्हन टँक म्हणतात तो सारा व्याप इतर रंगांइतकाच इथेही लागतो. ओव्हनचंही बरंचसं तसंच. मात्र जाड आणि पातळ वस्तू एकाच फेरीत टाकू नयेत. पातळ पत्रा लवकर तापतो, पावडर लवकर वितळून वाहते. जाड सेक्शन रेंगाळत तापतो. वितळलेल्या थरात पापुद्र्यांना हलायला किती वेळ मिळाला यावर ते कसे स्थिरावतील हे ठरतं. एकदा थर गोठला की त्यांची जागा कायमची झाली.

इथे द्रवरूप रंगाशी तुलना करावीच लागते, कारण ग्राहकाच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा गाडीचा चंदेरी असतो. द्रव रंगातला सॉल्व्हंट उडून जातो, थर आकसून पातळ होतो आणि त्या आकसण्यानं पापुद्रे पृष्ठभागाला समांतर दाबले जातात. पावडरमध्ये उडून जाणारं जवळजवळ काही नसतं, थर फारसा आकसत नाही, पापुद्रे वाटेल त्या कोनात राहू शकतात. स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेले, वर तरंगणारे लीफिंग पापुद्रे वापरून चमक वाढवता येते, पण ते पृष्ठभागावर उघडे असल्यानं हाताला लागतात, घासले जातात आणि मग त्यावर पारदर्शक थर द्यावा लागतो. गाडीच्या अ‍ॅलॉय व्हीलवर अनेकदा प्रायमर पावडरचा असतो आणि चंदेरी थर मात्र द्रव रंगाचा, तो याच कारणानं.

पावडर कोटिंगचा उगमही या संदर्भात आठवावा. १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू हवेनं तरंगत ठेवलेल्या पावडरमध्ये बुडवण्याची रीत शोधली. हेतू होता जाड, टिकाऊ, संरक्षक आवरणाचा. विजेच्या भारावर फवारणी करण्याचं तंत्र १९६०च्या दशकात रुळलं. शोभेची मागणी या तंत्रावर नंतर आली आणि ती अजून त्याच्याशी झटापट करते आहे.

रंगाच्या क्रमांकावर सर्वांचा फार विश्वास असतो. राल ही जर्मन संस्था १९२५ सालची. १९२७मध्ये तिनं चाळीस रंगांचा पहिला संच ठरवला, आणि आज जगभर ऑर्डरी तिच्या क्रमांकांवर निघतात. राल ९००६ म्हणजे पांढरट अ‍ॅल्युमिनियम, राल ९००७ म्हणजे करडा अ‍ॅल्युमिनियम. सादा रंग क्रमांकानं ठरतो. ९००६ क्रमांकानं ठरत नाही, कारण पापुद्रे केवढे, किती, लीफिंग की साधे, हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. दोन कंपन्यांचे ९००६ शेजारी ठेवले तर नवखा माणूससुद्धा फरक सांगेल. एका कोनातून मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर ते जुळतही असतील. त्यासाठी १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंशांवरून मोजणारी यंत्रं निघाली आहेत. त्यांची किंमत लाखांत जाते आणि लहान शेडला ती परवडणं कठीण. नमुना हातात धरून, उन्हात उभं राहून, हळूहळू कलता करत बघणं कुणालाही परवडतं, आणि काम देतं.

दिशेचाही हिशोब ठेवावा लागतो. दर्शनी भागाला लावायच्या मेटॅलिक कंपोझिट पॅनलच्या वरच्या फिल्मवर बाण छापलेले असतात. सगळे बाण एकाच दिशेला ठेवून पॅनल बसवले नाहीत तर एकाच बॅचचे पॅनल दोन छटांचे दिसतात. पावडर कोटिंगच्या सेक्शनवर बाण नसतात. सेक्शन उभे टांगले की आडवे, हे मात्र पूर्ण ऑर्डरसाठी एकच ठेवता येतं. आणि शेजारी बसणाऱ्या पॅनलच्या द्रव रंगाशी खिडकीची पावडर तंतोतंत जुळेल ही अपेक्षा आर्किटेक्टनं नकाशाच्या टप्प्यावरच सोडून द्यावी. जवळपासचे दोन चंदेरी घेण्यापेक्षा उघड विरोधी रंग निवडलेला चांगला.

महाराष्ट्राच्या हवेचा यात वाटा आहे. पावडर तीस अंशांच्या आत ठेवायची असते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधली पावडर खोक्यातच गुठळ्या धरते. कोकणपट्टीत आणि मुंबई-वसईकडे जून ते सप्टेंबर दमटपणा इतका असतो, की भार नीट टिकत नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येतं. मे महिन्यातला लॉट आणि ऑगस्टमधला लॉट एकाच सेटिंगवर काढला तरी जुळेलच असं नाही. हवेसाठी ड्रायर आणि पावडरसाठी एक बंद, थंड खोली हा खर्च मेटॅलिकचं काम घेणाऱ्यानं करायलाच हवा.

काम साइटवर पोहोचल्यावरही धोका सरत नाही. सिमेंट आणि चुन्याचं ओलं पाणी अल्कधर्मी असतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर ते चढाई करतं. गवंड्याच्या थापीतून उडालेला शिंतोडा वाळल्यावर खरवडला की खाली डाग राहतो. सिलिकाचा लेप दिलेले पापुद्रे किंवा वर पारदर्शक थर असेल तर बचाव होतो, तरी प्लास्टर संपेपर्यंत चौकटीवरची फिल्म काढू नये. सोलायची घाई सगळ्यांनाच असते.

स्वित्झर्लंडमध्ये १९८६ साली स्थापन झालेल्या क्वालिकोट या संस्थेचे नियम बाहेरच्या कामाकडे पाच मीटरवरून आणि आतल्या कामाकडे तीन मीटरवरून बघायला सांगतात. हा न्याय दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. चौकटीला नाक लावून दोष शोधणाऱ्या ग्राहकाला तो आवरतो, आणि ‘उन्हात बघू नका, सावलीत बघा’ म्हणणाऱ्या कंत्राटदारालाही.

मेटॅलिक सारखं येऊ शकतं. ते पावडरच्या पिशवीत विकत मिळत नाही, ते शेडमध्ये रोज राखावं लागतं. जॉब कार्डवर पावडरचा बॅच क्रमांक, रिकव्हरीचं प्रमाण, किलोव्होल्ट, मायक्रोअँपिअर, हवेचा दाब, नोझल, ऑपरेटर आणि ओव्हनचं तापमान लिहिलेलं असेल तर चार महिन्यांनी उरलेले मजले रंगवताना अंदाजाला जागा राहत नाही. ही नोंद ठेवणाऱ्या शॉपला साध्या पांढऱ्याच्या दरानं चौरस फुटाला पैसे देणं अन्यायाचं आहे. मेटॅलिकला गन जास्त वेळा साफ करावी लागते, पावडर जास्त वाया जाते, हुक जास्त वेळा उतरवावे लागतात. हा खर्च दरात धरला नाही तर तो कुठेतरी वाचवला जाणारच, आणि कुठे ते वर सांगून झालं आहे.

घराची, सोसायटीची किंवा कारखान्याची ऑर्डर देणाऱ्यांनी एवढं करावं. पूर्ण कामाची पावडर एकाच बॅचची, एकदम मागवावी. पुढे तुटफूट होईल म्हणून काही सेक्शन जास्तीचे त्याच लॉटमध्ये रंगवून ठेवावेत. नमुना एक न घेता तीन घ्यावेत, हवा तो आणि त्याच्या आसपास चालेल इतका सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद. ते भर दुपारी आणि संध्याकाळी, इमारतीच्या जागेवर उभे धरून बघावेत. पसंत पडल्यावर प्रत्येक नमुन्याच्या मागे तारीख आणि बॅच क्रमांक लिहून ग्राहक व कोटिंग करणारा अशा दोघांनी सह्या कराव्यात, आणि दोघांनीही एकेक संच आपल्याकडे ठेवावा.